इलोवाइस्क, ऑगस्ट २०१४ : उसन्या फौजेचा हिशेब

मार्च २०१४ मध्ये युक्रेनचे हंगामी संरक्षणमंत्री इहोर तेन्यूख यांनी आपल्या भूदलाची जी स्थिती जाहीरपणे मांडली, ती कोणत्याही देशाने शत्रूच्या कानावर पडू दिली नसती. कागदावर सुमारे ४१ हजार सैनिक होते. त्यांपैकी हुकूम मिळताच लढायला उभे राहू शकतील असे जेमतेम सहा हजार. क्रायमिया हातातून रशियाकडे जात होता. राष्ट्राध्यक्ष यानुकोविच देश सोडून पळाले होते आणि सक्तीची लष्करी भरती त्यांनीच आदल्या वर्षी गुंडाळायला घेतली होती. पूर्वेकडच्या जिल्ह्यांतील किती पोलीस नव्या सरकारच्या बाजूने उभे राहतील, हे खुद्द गृहखात्यालाही छातीठोकपणे सांगता येत नव्हते. १२ एप्रिलला इगोर गिर्किन या रशियन निवृत्त अधिकाऱ्याच्या सशस्त्र तुकडीने स्लोव्हियान्स्क शहर ताब्यात घेतले, तेव्हा कीव्हमधल्या सरकारकडे कायदा होता. तो बजावायला पुरेसे हात नव्हते.

ते हात बाहेरून आले. यानुकोविचविरुद्ध कीव्हच्या मैदान चौकात झालेल्या आंदोलनात ढाली आणि हेल्मेटे घेऊन उभे राहिलेले तरुण, सोव्हिएत काळात अफगाणिस्तानात लढून आलेले पन्नाशीतले गृहस्थ, वकील, शिक्षक, फुटबॉल संघांचे कडवे पाठीराखे, उजव्या राष्ट्रवादी संघटनांचे कार्यकर्ते आणि पूर्वेकडच्या दोनेत्स्क-लुहान्स्कमधून (या पट्ट्याला दोनबास म्हणतात) परागंदा झालेले स्थानिक लोक यांनी स्वतःची पथके उभारली. उन्हाळा संपेपर्यंत अशा पथकांची संख्या तीसच्या वर गेली होती. त्यांना युक्रेनमध्ये 'स्वयंसेवी बटालियन' हे नाव पडले. ('मिलिशिया' हा शब्द तिथे वापरणे अवघडच होते, कारण २०१५ पर्यंत युक्रेनमधल्या साध्या पोलिसांनाच 'मिलित्सिया' म्हणत असत.)

या पथकांबद्दल जे लिहिले गेले आहे, त्यात दोन सूर ठळक आहेत. एक सूर म्हणतो की त्यांनी देश वाचवला. दुसरा म्हणतो की ती बेलगाम टोळकी होती. दोन्हींना पुरावा सापडतो, आणि म्हणूनच दोन्हींनी फारसे काही उलगडत नाही. मला अभ्यासण्याजोगा वाटतो तो वेगळा प्रश्न. राज्यसंस्थेने अडीअडचणीला फौज उसनी घेतली, तर ती नेमकी कुठे जोडली जाते, कुणाच्या हुकुमाखाली येते, तिच्या हाती कोणते शस्त्र दिले जाते आणि तिच्या नावावर कोणता कागद असतो? दोनेत्स्कजवळच्या इलोवाइस्क या रेल्वे जंक्शनच्या लहानशा गावाभोवती ऑगस्ट २०१४ मध्ये जे घडले, त्यात या चारही गोष्टी एकदम उघड्या पडल्या.

पाटी पोलिसांची, काम पायदळाचे

युक्रेनच्या राज्यघटनेतील कलम १७ नुसार कायद्यात तरतूद नसलेले कोणतेही सशस्त्र दल स्थापन करण्यास मनाई आहे. म्हणजे शेदीडशे जणांनी एकत्र येऊन बंदुका जमवल्या, तर हेतू कितीही चांगला असला तरी तो फौजदारी गुन्हा ठरतो. सरकारला ही माणसे हवी होती आणि घटना आड येत होती. यातून वाट काढली ती गृहमंत्री आर्सेन अवाकोव्ह यांनी. एप्रिलच्या मध्यावर त्यांनी गस्ती पोलिसांची विशेष पथके स्थापन करण्याचा आदेश काढला आणि बऱ्याच स्वयंसेवी बटालियन त्या चौकटीत बसवल्या. त्याआधी, मार्चमध्येच, संसदेने राष्ट्रीय रक्षक दलाचा कायदा करून दुसरे दार उघडले होते. तिसरे दार संरक्षण खात्याचे, प्रादेशिक संरक्षण बटालियनच्या नावाने. आणि द्मित्रो यारोश यांच्या 'राइट सेक्टर' संघटनेचे पथक यांपैकी कोणत्याच दारातून आत गेले नाही. ते लढत राहिले, पण कायद्याच्या दृष्टीने ते कुठेच नव्हते.

तेव्हा ही सोय म्हणजे मोठी हुशारी वाटली असणार, आणि त्या आठवड्यांपुरती ती होतीही. पण सोयीसोबत काही गोष्टी आपोआप आल्या. पोलिसांच्या पथकाला पोलिसांचीच शस्त्रे मिळतात. रायफल, मशीनगन, फार तर खांद्यावरून डागायचा ग्रेनेड लाँचर. रणगाडा, तोफ, चिलखती वाहन यांचा हक्क लष्कराचा. त्यामुळे या बटालियन ज्या वाहनांतून आघाडीवर जात, ती पाहण्यासारखी असत. बँकांच्या रोकड गाड्या, पिवळ्या शालेय बस, आणि कामाझ ट्रकला वर्कशॉपमध्ये पोलादी पत्रे वेल्ड करून घरीच बनवलेले 'रणगाडे'. आपल्या माणसांनी आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून वाहनांवर पांढरे पट्टे रंगवलेले असत. अंगावरची चिलखती जाकिटे देणगीतून आलेली, आणि त्यांतली काही गोळी अडवतील की नाही हे गोळी लागेपर्यंत कळत नसे.

पैशाची व्यवस्थाही अशीच विखुरलेली होती. संरक्षण खात्याने ५६५ हा क्रमांक जाहीर केला होता. त्यावर मोबाइलवरून संपर्क साधला की पाच रिव्निया (युक्रेनचे चलन) सैन्याच्या खात्यात जमा होत. दुसऱ्या टोकाला दनिप्रोपेत्रोव्स्क प्रांताचे नवे राज्यपाल आणि देशातल्या अतिश्रीमंतांपैकी एक असलेले इहोर कोलोमोयस्की होते. 'द्निप्रो-१' या बटालियनमागे त्यांचे पाठबळ होते, आणि त्यांच्या प्रशासनाने पकडून आणलेल्या प्रत्येक रशियन हस्तकामागे दहा हजार डॉलरचे इनाम जाहीर केले होते. पाच रिव्नियांची देणगी आणि दहा हजार डॉलरचे इनाम एकाच युद्धाच्या खर्चात मोडत होते. ज्या बटालियनचा कमांडर चांगला बोलणारा, फेसबुकवर दररोज लिहिणारा, तिच्याकडे देणग्या ओघाने येत. जो मुकाट्याने लढे, त्याच्या माणसांचे बूट फाटलेले राहत. 'दोनबास' बटालियनचे सेमेन सेमेनचेन्को सुरुवातीला चेहरा झाकूनच माध्यमांसमोर येत, आणि तरीही त्या उन्हाळ्यात देशातल्या सर्वाधिक ओळखीच्या चेहऱ्यांपैकी तो एक होता.

हे सगळे असूनही पहिल्या तीन महिन्यांत या पथकांनी जे केले, ते त्या वेळच्या युक्रेनी सैन्याला एकट्याने जमले असते असे वाटत नाही. १३ जूनला मारियुपोल शहर सरकारकडे परत आले, त्यात मे महिन्यात स्थापन झालेल्या 'अझोव्ह' बटालियनचा मोठा वाटा होता. ५ जुलैला स्लोव्हियान्स्क परत मिळाले. तिथे मुख्य बळ नियमित सैन्याचे असले, तरी मागे राहिलेली गावे धरून ठेवणे, नाके उभारणे, रस्ते राखणे ही कामे करायला माणसे होती ती स्वयंसेवकांची. समोर, रशियाधार्जिण्या फुटीरवाद्यांकडेही, तेव्हा अशीच पथके होती. स्थानिक, कोसॅक आणि सीमेपलीकडून आलेले. रायफलधारी रायफलधाऱ्यांशी लढत होते, तोवर पोलिसांची पाटी फारशी नडली नाही.

जंक्शनवर

ऑगस्टच्या सुरुवातीला युक्रेनी सैन्याच्या मुख्यालयाची योजना अशी होती की दोनेत्स्कला बाकीच्या प्रदेशापासून आणि रशियाच्या सीमेपासून तोडायचे. इलोवाइस्क लहान, पण तिथे लोहमार्ग एकत्र येत आणि दोनेत्स्ककडे जाणारी रसद त्या टापूतून जात असे. ते घेण्याचे काम ज्यांच्यावर आले, त्यांत 'दोनबास', 'द्निप्रो-१', 'अझोव्ह', 'शाख्तार्स्क', 'खेर्सोन', 'मिरोत्वोरेत्स' अशा बटालियन होत्या. म्हणजे शहरावर हल्ला करण्याचे काम, जे पायदळातही सर्वांत अवघड समजले जाते, ते बहुतांशी कागदावर गस्ती पोलीस असलेल्या पथकांकडे आले. तोफखाना आणि चिलखती वाहने होती ती सैन्याकडे, आणि सैन्याच्या त्या विभागाचे प्रमुख होते जनरल रुस्लान खोमचाक.

इथे आदेशाच्या साखळीतली गाठ समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यातून आले. बटालियनचा कमांडर गृहखात्याचा. तो मदत मागतो जनरलकडे, जो संरक्षण खात्याचा. जनरल त्याला हुकूम देऊ शकतो का? संपूर्ण मोहिमेला अधिकृत नाव 'दहशतवादविरोधी कारवाई' असे होते आणि तिचे नेतृत्व देशाच्या गुप्तचर सेवेकडे होते, म्हणून सिद्धान्ततः सगळेच एका छत्राखाली. प्रत्यक्षात बटालियनचा कमांडर आपल्या मंत्र्याला फोन करी, मंत्री संरक्षण खात्याला, आणि तोवर तोफ डागायची वेळ टळून जाई. शेजारच्या बटालियनचा वायरलेस वेगळ्या जातीचा असला, तर साध्या मोबाइलवर बोलणे होई. ते पलीकडचेही ऐकू शकत. एखादे पथक आले, लढले आणि आपला कमांडर सांगतो म्हणून निघूनही गेले, तर त्याला थांबवण्याचा नेमका अधिकार कुणाचा, हे तिथल्या तिथे ठरवावे लागे. मुख्यालयाने नंतर हाच आरोप केला की स्वयंसेवक मनाला येईल तेव्हा येत आणि जात. स्वयंसेवकांचा आरोप उलटा होता, की आम्हाला पुढे ढकलून तोफांचे पाठबळ दिले नाही. माझ्या मते दोघेही एकाच दोषाबद्दल बोलत होते. फक्त तो दोन टोकांनी पाहत होते.

१८ ऑगस्टला 'दोनबास' बटालियन गावात शिरली आणि लोहमार्गाच्या पश्चिमेचा भाग तिने ताब्यात घेतला. तळ पडला तो गावातल्या १४ क्रमांकाच्या शाळेत. तळघरात जखमी, अन्नसाठा आणि आसऱ्याला आलेले स्थानिक रहिवासी एकाच छताखाली होते. वर अंगणात वाहने. दुसऱ्याच दिवशी सेमेनचेन्को जखमी झाले आणि त्यांना हलवावे लागले. गावाचा दुसरा अर्धा भाग विरोधकांच्या हाती होता, आणि दररोज थोडे पुढे, थोडे मागे असे चालले. कीव्हला मात्र बातमी गेली होती की इलोवाइस्क मिळाले. २४ ऑगस्टला स्वातंत्र्यदिनाचे लष्करी संचलन राजधानीत झाले, आणि त्याच सुमारास रशियाचे नियमित सैन्य सीमा ओलांडून दक्षिणेकडून आत आले.

ते आल्याचा पुरावा लगेचच हाती लागला. झेर्काल्ने गावाजवळ रशियाच्या ९८ व्या हवाई छत्री डिव्हिजनचे दहा सैनिक पकडले गेले. ते चुकून सीमा ओलांडून आले, असा खुलासा मॉस्कोने केला. त्याच दिवसांत युक्रेनची एक प्रादेशिक संरक्षण बटालियन, 'प्रिकार्पात्या', आपल्या जागा सोडून मागे निघून गेली आणि युक्रेनी फळीच्या बाजूला एक भगदाड पडले. तिच्यातल्या माणसांना भित्रे ठरवणे सोपे आहे, आणि तसे ठरवलेही गेले. पण प्रादेशिक संरक्षण बटालियन ही मुळात आपल्या प्रांतातले पूल आणि इमारती राखण्यासाठी कल्पिलेली. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सीमेजवळच्या उघड्या शेतात, रणगाड्यांसमोर कशासाठी उभी होती, याचे उत्तर त्या माणसांनी द्यायचे नव्हते.

काही दिवसांतच इलोवाइस्कमधल्या युक्रेनी फौजेभोवती वेढा पडला. कीव्हमध्ये संरक्षण मुख्यालयासमोर लोक जमले आणि कुमक पाठवा, अशा घोषणा देऊ लागले. पाठवायला काही फारसे नव्हते. २९ ऑगस्टच्या पहाटेआधी रशियाचे राष्ट्राध्यक्ष पुतिन यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. त्यात 'नोव्होरोसियाच्या लढवय्यांना', म्हणजे फुटीरवाद्यांना, उद्देशून, वेढ्यातील युक्रेनी सैनिकांसाठी मानवतेच्या भूमिकेतून वाट खुली करावी, असे आवाहन होते. वाटाघाटी झाल्या, अटी बदलल्या, शस्त्रे ठेवून जायचे की घेऊन जायचे यावर घोळ झाला. सकाळी म्नोहोपिल्या गावाजवळ जमलेले सैन्य आणि स्वयंसेवक दोन रांगांनी दोन रस्त्यांनी निघाले. शेतांत सूर्यफुले कापणीला आली होती. काही अंतर गेल्यावर दोन्ही बाजूंनी रणगाडे, तोफा आणि स्वयंचलित बंदुकांचा मारा सुरू झाला. पत्रे वेल्ड केलेल्या ट्रकांचा आणि बसचा तिथे काय निभाव लागणार होता! इलोवाइस्कच्या लढाईत ३६६ युक्रेनी मृत्युमुखी पडले आणि ४२९ जखमी झाले, असे युक्रेनच्या सरकारी अभियोक्त्यांनी नंतर नोंदवले. यांतले बहुतेक नियमित सैन्यातले होते की स्वयंसेवक, यावर पुढे बराच वाद झाला. त्या शेतांत तो भेद कुणी पाहिला नाही.

भेद पाहिला गेला तो शरणागतीनंतर. चेर्व्होनोसिल्स्के गावात अडकलेल्या 'दोनबास'च्या माणसांनी काही रशियन वाहने निकामी केली, काही रशियन सैनिक पकडले, आणि दुसऱ्या दिवशी जखमी वाढल्यावर हत्यारे खाली ठेवली. त्यांच्यासोबतच्या नियमित सैन्यातील जवानांना रशियनांनी पलीकडे सोडून दिले. 'दोनबास'च्या माणसांना मात्र दोनेत्स्कमधल्या सशस्त्र गटांच्या हवाली केले. तिथे ती माणसे तळघरात महिनोन्‌महिने राहिली, आणि त्यांतल्या अनेकांना पुढे त्याच इलोवाइस्कमध्ये पडक्या इमारती दुरुस्त करायला नेण्यात आले. 'दोनबास' तोवर राष्ट्रीय रक्षक दलात दाखल झालेली होती, म्हणजे कायद्याने ती राज्याची फौजच होती. पण पकडणाऱ्याच्या डोळ्यांत तिच्यातला माणूस सैनिक नव्हता, स्वयंसेवक होता. म्हणजे स्वतःच्या मर्जीने आलेला, म्हणून अधिक दोषी.

युद्धकैद्यांबाबतच्या १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम ४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. जी मिलिशिया किंवा स्वयंसेवी दले सैन्याचा भाग असतात, त्यांतील माणूस पकडला गेला तर तो युद्धकैदी असतो. जी सैन्याचा भाग नसतात, त्यांच्यासाठी चार अटी आहेत. हाताखालच्यांची जबाबदारी घेणारा प्रमुख, दुरून ओळखू येणारी खूण, उघडपणे बाळगलेली शस्त्रे आणि युद्धाच्या नियमांचे पालन. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या महायुद्धातले प्रतिकारक गट होते. इथे अडचण आणखी एक होती, की रशिया आपण या युद्धात आहोत हेच मान्य करीत नव्हता. मग पकडलेला माणूस कुणाचा कैदी? ज्याच्यावर कराराचे बंधन होते तो नाकबूल, आणि ज्याच्या ताब्यात माणूस होता त्याला तेव्हा फारसे कुणी राष्ट्र मानत नव्हते.

५ सप्टेंबरला मिन्स्कमध्ये शस्त्रसंधीच्या मसुद्यावर सह्या झाल्या. ऑक्टोबरमध्ये संरक्षणमंत्री व्हालेरी हेलेतेय पायउतार झाले. संसदेच्या चौकशी समितीने आपल्या प्राथमिक अहवालात संरक्षण नेतृत्वाच्या चुकांवर बोट ठेवले. सरकारी अभियोक्त्यांनी पुढे मुख्य कारण म्हणून रशियन सैन्याच्या आक्रमणाकडे बोट दाखवले. ही दोन्ही उत्तरे एकमेकांना खोडत नाहीत, पण युक्रेनमध्ये ती बरीच वर्षे एकमेकांविरुद्ध वापरली गेली.

वसुली

उसने घेतले की परत द्यावे लागते, आणि धनको दारात उभा राहिला की नको असलेली वेळही येते. २६ ऑक्टोबर २०१४ च्या निवडणुकीत सेमेनचेन्को, 'अझोव्ह'चे आंद्री बिलेत्स्की आणि यारोश हे तिघेही संसदेत निवडून गेले. आघाडीवरची कीर्ती मतपेटीत उतरली, यात गैर काही नाही. गैर सुरू झाले ते अन्यत्र, आणि त्याची चाहूल इलोवाइस्कचा धूर विरण्याआधीच लागली होती. ८ सप्टेंबर २०१४ रोजी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने लुहान्स्क भागातल्या 'आयदार' बटालियनबद्दल अहवाल प्रसिद्ध केला. त्यात अपहरण, बेकायदा स्थानबद्धता, मारहाण, चोरी आणि खंडणी यांच्या नोंदी होत्या. तक्रारदार होते सर्वसामान्य रहिवासी. व्यापारी आणि शेतकरी, ज्यांच्यावर 'फुटीरवादी' असा शिक्का मारणे हे गाडी उचलून नेण्याचे पुरेसे कारण ठरे.

'शाख्तार्स्क' बटालियन बरखास्त झाली. तिच्यातल्या काहींना घेऊन 'तोर्नादो' नावाची पोलीस कंपनी उभी राहिली. म्हणजे एका पाटीवर डाग पडला तर दुसरी पाटी रंगवायची. जून २०१५ मध्ये तीही बरखास्त करावी लागली, आणि एप्रिल २०१७ मध्ये कीव्हच्या न्यायालयाने तिच्या सदस्यांना लोकांना कोंडून ठेवणे, छळ करणे अशा गुन्ह्यांसाठी शिक्षा सुनावली. तिच्या प्रमुखाला अकरा वर्षांची. या खटल्याचे मला महत्त्व वाटते, कारण युद्ध चालू असताना स्वतःच्याच बाजूच्या लढवय्यांना कोर्टात उभे करणे कोणत्याही सरकारला जड जाते. तरी एवढे खरे की शिक्षा झालेल्यांच्या तुलनेत न उघडलेल्या फायली अधिक होत्या.

जुलै २०१५ मध्ये देशाच्या पश्चिम टोकाला, मुकाचेव्हो शहरात, 'राइट सेक्टर'चे सशस्त्र लोक आणि पोलीस यांच्यात गोळीबार झाला. त्या भागाचा आणि आघाडीचा काहीही संबंध नाही. तो भाग ओळखला जातो तो सिगारेटच्या तस्करीसाठी. ३१ ऑगस्टला संसदेसमोरच्या निदर्शनात हातबॉम्ब फुटला आणि बंदोबस्ताला असलेले राष्ट्रीय रक्षक दलाचे चार जवान मरण पावले. पकडला गेला तो एका स्वयंसेवी पथकात लढलेला तरुण होता. २०१७ च्या सुरुवातीला माजी स्वयंसेवकांनी, त्यांत सेमेनचेन्कोही होते, दोनबासकडे जाणारे लोहमार्ग अडवले आणि फुटीर प्रदेशाशी चाललेला कोळशाचा व्यापार बंद पाडला. सरकारने आधी त्याला विरोध केला आणि मार्चमध्ये तीच नाकेबंदी अधिकृत धोरण म्हणून जाहीर केली. देशाचे व्यापारी धोरण रुळांवर शेकोटी पेटवून बसलेल्या पन्नास-शंभर जणांनी ठरवले, असे म्हणणे थोडे अतिशयोक्त आहे, थोडेच.

याच्या समांतर, कमी गाजावाजाने, सामावून घेण्याचे काम चालू होते. 'अझोव्ह' नोव्हेंबर २०१४ मध्ये राष्ट्रीय रक्षक दलात गेली आणि तिची रेजिमेंट झाली. बिलेत्स्की राजकारणात गेले आणि कमांड दुसऱ्यांकडे आली. 'आयदार' २०१५ च्या मार्चमध्ये सैन्याची रीतसर हल्ला बटालियन बनली. यारोश एप्रिलमध्ये सैन्यप्रमुखांचे सल्लागार झाले. त्यांच्या मूळ पथकातले बरेच जण मात्र बाहेरच राहिले. पद्धत प्रत्येक वेळी जवळपास तीच होती. आधी पगार आणि हुद्दा, मग जड शस्त्र, मग बदली होणारा कमांडर. या तिसऱ्या पायरीला सर्वांत जास्त विरोध झाला, आणि खरा फरक तिनेच पडला. ज्या पथकाचा कमांडर मुख्यालय बदलू शकते, ते पथक सैन्य झाले. ज्याचा बदलू शकत नाही, ते अजून कुणाचे तरी खासगीच आहे.

'अझोव्ह'बाबत एक गुंता राहिला. तिच्या संस्थापकांची अतिउजवी विचारसरणी आणि सुरुवातीची चिन्हे यांमुळे अमेरिकी काँग्रेसने २०१८ पासून तिला आपल्या मदतीतून वगळले. दल बदलले तरी नाव तेच राहिले, आणि नावाला चिकटलेले सगळे नावासोबत चालत आले. ही बंदी उठायला जून २०२४ उजाडावा लागला.

समोरच्या बाजूलाही हाच प्रश्न होता आणि तो तिथे निराळ्या रीतीने सुटला. दोनेत्स्क आणि लुहान्स्कमधली स्थानिक पथके रशियाच्या देखरेखीखाली दोन लष्करी कोअरमध्ये गुंफली गेली, आणि जे कमांडर गुंफले जायला तयार नव्हते ते एकामागून एक मारले गेले. १ जानेवारी २०१५ ला लुहान्स्कमधला 'बॅटमॅन' या टोपणनावाचा अलेक्सांदर बेद्नोव्ह तिथल्याच प्रशासनाने पकडायला पाठवलेल्या तुकडीशी झालेल्या चकमकीत ठार झाला. मे मध्ये 'प्रिझ्राक' ब्रिगेडचा अलेक्सेई मोझगोवोय, डिसेंबरमध्ये कोसॅकांचा पावेल द्र्योमोव्ह. त्यांच्या मारेकऱ्यांबद्दल परस्परविरोधी दावे आहेत. पण त्यानंतर तिथे स्वतंत्र बाण्याचे कमांडर उरले नाहीत.

दुसऱ्यांदा

जुलै २०२१ मध्ये युक्रेनच्या संसदेने 'राष्ट्रीय प्रतिकाराच्या पायाभूत तत्त्वांचा' कायदा केला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. प्रादेशिक संरक्षण दले हा सैन्याचा स्वतंत्र विभाग झाला. शांततेत दहा हजारांचा कायमचा गाभा, आणि युद्ध लागले की त्याभोवती नागरिकांतून भरती होणाऱ्या २५ ब्रिगेड. याशिवाय गावपातळीवरच्या स्वयंसेवी तुकड्यांसाठी वेगळी तरतूद. त्यांत वयाची अट सैल, आणि स्वतःची परवानाधारक शिकारी बंदूक वापरण्याची मुभा. मात्र प्रत्येक तुकडीची नोंद, प्रत्येक माणसाचा करार आणि तुकडीचा प्रमुख सैन्याच्या अधिकाऱ्याला जबाबदार. २०१४ मध्ये घटनेच्या कलम १७ ला वळसा घालून जे केले होते, ते आता कलम १७ च्या आत आणले गेले.

कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच २४ फेब्रुवारी उजाडली आणि रशियाने युक्रेनवर सर्व बाजूंनी आक्रमण केले. पहिल्या दोन दिवसांत एकट्या कीव्हमध्ये १८ हजारांहून अधिक रायफली वाटल्या गेल्या. ओळखपत्र दाखवा, सही करा, रायफल आणि काडतुसे घ्या. दंडाला रंगीत चिकटपट्टी, हाच गणवेश. राजधानीच्या उपनगरांत या माणसांनी नाके उभारले, खंदक खणले आणि रशियन रांगांच्या हालचाली मुख्यालयाला कळवल्या. नियमित ब्रिगेडी मोकळ्या होऊन लढू शकल्या, हे त्यांचे खरे काम. त्याच दिवसांत नाक्यांवर चुकून आपल्याच माणसांवर गोळ्या चालल्या, आणि लुटारू असल्याच्या संशयावरून पकडलेल्यांना भर चौकात खांबाला चिकटपट्टीने जखडून मारहाण झाल्याचे प्रकार संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार निरीक्षकांनी नोंदवले. ओळखपत्रावर रायफल मिळते. शिस्त मिळत नाही. तीही सही करून देता आली असती तर सैन्याला प्रशिक्षण केंद्रांची गरजच पडली नसती.

मे मध्ये मूळ कायद्यात एक दुरुस्ती झाली, आणि ती वाचताना इलोवाइस्कची आठवण टाळता येत नाही. प्रादेशिक संरक्षण ब्रिगेडींना आता आपल्या प्रांताबाहेर, थेट लढाईच्या पट्ट्यात पाठवता येऊ लागले. पश्चिम युक्रेनमध्ये आपल्या गावाचा पूल राखण्यासाठी नाव नोंदवलेला मनुष्य उन्हाळ्यात दोनबासच्या खंदकात, तोफखान्याच्या माऱ्याखाली बसला होता, आणि त्याच्या ब्रिगेडकडे स्वतःची जड शस्त्रे नगण्य होती. आदेशाची साखळी या वेळी सरळ होती, कागदही चोख होता. शस्त्राचा प्रश्न मात्र जिथे आठ वर्षांपूर्वी होता, त्याच्या आसपासच राहिला. पुढे यांतल्या अनेक ब्रिगेडींना तोफा आणि चिलखती वाहने मिळत गेली. तोवरची किंमत पायदळाने मोजली.

कागदाची किंमत किती, हे मारियुपोलमध्ये दिसले. तिथल्या अझोव्हस्ताल पोलाद कारखान्यात अडकलेल्या सैन्याने मे २०२२ मध्ये वरिष्ठांच्या आदेशावरून शरणागती पत्करली, त्यांत 'अझोव्ह'चे शेकडो जण होते. जिनिव्हा करारानुसार ते राष्ट्रीय रक्षक दलाचे सैनिक, म्हणजे युद्धकैदी. आठ वर्षांपूर्वी झालेल्या विलीनीकरणाचा अर्थच तो. २८-२९ जुलैच्या रात्री ओलेनिव्का इथल्या तुरुंगात स्फोट होऊन त्यांतले पन्नासच्या आसपास कैदी मरण पावले. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर आरोप केले. चार दिवसांनी, २ ऑगस्टला, रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'अझोव्ह'ला दहशतवादी संघटना घोषित केले. २०२३ मध्ये रोस्तोव्ह-ऑन-डॉनच्या लष्करी न्यायालयात तिच्या सदस्यांवर खटला उभा राहिला. आरोप होता दहशतवादी संघटनेत सहभागी असल्याचा. आणि आरोपींच्या पिंजऱ्यात लढवय्यांच्या शेजारी बसलेल्या काही स्त्रिया त्या दलात स्वयंपाकाचे काम करीत होत्या.